पुरुषाचे ओझे आणि आपला हातभार

अभ्यासासाठी शास्त्रभाग : १ शमुवेल ३०:१-२५, गलती ६:२ व ५
सोबत वाचावे : गणना ११:१०-१७, मार्क १४:३२-४२, २ करिंथ १:८-११ व ७:५-६



आईविषयी आपल्या मंडळ्यांतून पुष्कळ बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. मातृदिनाच्या उपासनेत तिच्या कष्टांची आठवण होते. महिला मंडळाच्या सभेत बहिणी एकमेकींची सुखदुःखे ऐकतात व एकमेकींसाठी प्रार्थना करतात. पण त्याच घरातील पुरुषाविषयी विचारले, तर उत्तर बहुधा त्याच्या कामाचे मिळते. "ते कामावर जातात." "घरभाड्याचे तेच पाहतात." "मुलांची फी तेच भरतात." तो काय करतो हे घरात सर्वांना ठाऊक असते, त्याच्या मनात काय चालले आहे, हे क्वचितच कोणी विचारते. तोही आपण होऊन सांगत नाही. मग सर्वांची अशी समजूत होते की, त्याला काही होतच नाही.

या पाठात आपण पुरुषाच्या ह्या न बोललेल्या ओझ्याचा विचार करणार आहोत. यात स्त्रीचे ओझे हलके ठरवण्याचा हेतू नाही. पुष्कळ घरांत ती बाहेरचे काम करून घरातलेही सर्व करते. शिवाय नवऱ्याच्या मनात साचलेल्या दुःखाची झळ बहुधा तिलाच प्रथम लागते. म्हणून हा पाठ जितका पुरुषांसाठी आहे, तितकाच त्यांच्या पत्नींसाठी, आयांसाठी, बहिणींसाठी व मुलांसाठीही आहे.

१. सिकलाग येथील अश्रू

शौल राजाच्या भीतीने दावीद पलिष्ट्यांच्या मुलखात जाऊन राहिला होता. गथचा राजा आखीश याने त्याला सिकलाग हे गाव दिले होते. त्याच्याबरोबर सहाशे पुरुष होते. हे लोक कोण होते, हे आपल्याला १ शमुवेल २२:२ वरून समजते. प्रारंभी जे सुमारे चारशे जण दाविदाकडे आले, ते संकटात सापडलेले, कर्जबाजारी झालेले आणि मनाने त्रासलेले लोक होते. पुढे त्यांची संख्या सहाशे झाली. म्हणजे ज्यांना आपण "दाविदाचे शूर वीर" म्हणून ओळखतो, त्यांच्यातील पुष्कळांनी घरून निघतानाच पाठीवर काही ना काही ओझे आणले होते.

एकदा हे पुरुष गावापासून दूर गेले असता अमालेकी लोकांनी सिकलागवर धाड घातली, गाव जाळले व बायकामुलांना धरून नेले. तिसऱ्या दिवशी पुरुष परत आले, तेव्हा समोर राख होती आणि हाक मारली तर ओ देणारे कोणी नव्हते. चौथ्या वचनात सांगितले आहे की, दावीद व त्याचे लोक मोठ्याने रडले; रडण्याचे त्राण उरले नाही इतके रडले. तलवार चालवणारे सहाशे पुरुष भर दिवसा, एकमेकांदेखत रडले. शास्त्रलेखकाने ही गोष्ट लपवली नाही, की तिला दुबळेपणाही म्हटले नाही.

पुढे सहाव्या वचनात दोन गोष्टी आहेत. पहिली अशी की, त्या लोकांच्या दुःखाचे रूपांतर रागात झाले व ते दाविदाला दगडमार करण्याची भाषा बोलू लागले. याचे कारणही तेथेच दिले आहे : प्रत्येकाचे मन आपल्या मुलामुलींसाठी कडू झाले होते. वरून पाहिले तर राग दिसतो, आत पाहिले तर बापाचे दुःख आहे. आपल्या घरांतूनही असे पुष्कळदा घडते. कामावरून आलेला माणूस चहा गार झाला म्हणून ओरडतो. खरा विषय चहाचा नसतो; मालकाने त्या दिवशी काय सांगितले, हा असतो. शास्त्र त्या रागाचे समर्थन करीत नाही. पण त्याचे मूळ कोठे आहे ते दाखवून देते.

दुसरी गोष्ट दाविदाची. त्याच्याही दोन बायका, अहीनवाम व अबीगईल, पकडून नेल्या होत्या. तोही सर्वांबरोबर रडला होता. पण बाकीच्यांना दोष द्यायला दावीद होता. दाविदाला कोणावर दोष ठेवायला जागा नव्हती. स्वतःचे दुःख एक, आणि इतरांच्या दुःखाचा जाब देण्याची पाळी दुसरी. घरचा कर्ता पुरुष अनेकदा ह्याच जागी उभा असतो. नोकरी जाते ती त्याची, आणि "आता पुढे काय?" हा प्रश्न सारे घर विचारते तेही त्यालाच.

अशा वेळी दाविदाने काय केले? तो आपल्या देवाच्या ठायी सबळ झाला, असे तेथे सांगितले आहे. पण तो एकट्यानेच बसून राहिला नाही. त्याने अब्याथार याजकाला बोलावले, एफोद आणवला आणि देवाला प्रश्न विचारला. मग तो उठला आणि निघाला. रडणे, प्रार्थना, सोबत्याला बोलावणे आणि कामाला लागणे, हा क्रम आपण ध्यानात ठेवावा. रडल्यामुळे त्याचे काम अडले नाही.

२. दोन प्रकारची ओझी

आता गलतीकरांस लिहिलेल्या पत्राकडे वळू. सहाव्या अध्यायाच्या दुसऱ्या वचनात प्रेषित पौल एकमेकांची ओझी वाहण्यास सांगतो, आणि लगेच पाचव्या वचनात म्हणतो की, प्रत्येकाला आपापला भार वाहावा लागेल. वाचणाऱ्याला वाटते, ह्या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध आहेत. पण मूळ ग्रीक भाषेत येथे दोन वेगळे शब्द आहेत.

दुसऱ्या वचनातील शब्द आहे "बारोस". याचा अर्थ दडपून टाकणारे वजन. मत्तय २०:१२ मध्ये द्राक्षमळ्यातील मजूर आपण दिवसभराचे ओझे व ऊन सोसल्याची तक्रार करतात, तेथे हाच शब्द आहे. पाचव्या वचनातील शब्द आहे "फोर्तियोन". याचा अर्थ ज्याने त्याने न्यायचे सामान, वाट्याला आलेला बोजा. प्रेषितांची कृत्ये २७:१० मध्ये तारवातील मालाला हाच शब्द लावला आहे. आणि मत्तय ११:३० मध्ये प्रभू येशू आपले ओझे हलके आहे असे सांगतो, तेथेही हाच शब्द आहे.

हा भेद समजण्यासाठी फार दूर जायला नको. बेळगावच्या असो की इंदूरच्या, बाजारातील हमालाकडे पाहावे. पोते पाठीवर घेऊन चालणे हे त्याचे काम आहे. त्यावर त्याची रोजी आहे आणि त्याचा मानही आहे. ते पोते कोणी त्याच्या पाठीवरून हिसकावून घेतले, तर तो रागावेल. पण जमिनीवरचे भरलेले पोते एकट्याने उचलून स्वतःच्या पाठीवर घेणे त्याला जमत नाही. दोघे जण दोन बाजूंनी कोपरे धरून ते त्याच्या पाठीवर देतात, तेव्हाच तो चालू लागतो. आपल्या भाषेत याला फार चांगला शब्द आहे : हातभार. ज्याचा भार त्यानेच वाहायचा, पण हात दुसऱ्याने लावायचा.

पुरुषाच्या वाट्याला ही दोन्ही ओझी येतात. घर चालवणे, शब्द पाळणे, आईबापांना सांभाळणे, मुलांना मार्गाला लावणे, हा त्याचा "फोर्तियोन" आहे. तो वाहण्यात त्याला समाधान असते, आणि त्याबद्दल त्याला मान दिला पाहिजे. पण मुलाचा मृत्यू, पत्नीचा दीर्घ आजार, बंद पडलेला कारखाना, न फिटणारे कर्ज, मनाला ग्रासणारे नैराश्य, ही "बारोस" आहेत. ती एकट्याने वाहण्यासाठी नाहीतच. आपली चूक अशी होते की, ह्या दोन्हींना आपण एकच समजतो. पहिल्याबद्दल आपण त्याचे आभार मानत नाही, कारण "ते त्याचे कर्तव्यच आहे." दुसऱ्यात आपण हात लावत नाही, कारण "तो पुरुष आहे, सोसेल." आणि तोही स्वतःला हेच सांगत राहतो.

३. हे ओझे दिसत का नाही?

याचे पहिले कारण आपले वळण. मुलगा तीनचार वर्षांचा असतो तेव्हाच आपण त्याला सांगतो, "मुलगा असून रडतोस?" गुडघा फुटला तरी रडायचे नाही, हे तो शिकतो. पुढे आजी वारली, परीक्षेत अपयश आले, मैत्री तुटली. प्रत्येक वेळी तो तेच शिकलेले वापरतो. चाळीस वर्षांचा झाल्यावर पत्नी विचारते, "अहो, तुम्हाला काय होते आहे ते सांगा तरी." तेव्हा त्याच्यापाशी सांगायला शब्दच नसतात. तो मुद्दाम लपवतो असे नाही. सांगण्याची सवयच त्याला कोणी लावलेली नसते.

दुसरे कारण असे की, पुरुष आपली किंमत पुष्कळदा आपल्या कमाईवर ठरवतो. आणि लोकही तशीच ठरवतात. म्हणून काम गेले की पगाराबरोबर त्याचे तोंडही जाते. मुंबईत १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि त्यांतील पुष्कळांना पुन्हा गिरणीचा दरवाजा दिसला नाही. आपल्या इंदूरकडील वाचकांना हुकुमचंद मिलची गोष्ट चांगली ठाऊक आहे. १९९१ च्या अखेरीस ही मिल बंद पडली. कामगारांच्या हक्काच्या पैशांचा निकाल लागून सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश दिला गेला तो २५ डिसेंबर २०२३ रोजी, म्हणजे बत्तीस वर्षांनी. सुमारे ४,८०० कामगारांचा हा प्रश्न होता. मिल बंद पडली तेव्हा जो तिशीत होता, तो पैसे मिळाले तेव्हा साठी ओलांडून गेला होता. आणि कित्येक जण तो दिवस पाहण्यापूर्वीच निघून गेले. गोव्यात २०१२ साली खाणकाम थांबले, आणि २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा थांबले. ज्यांनी कर्ज काढून ट्रक घेतले होते, त्यांच्या दारात ट्रक उभा आणि बँकेचा हप्ता मात्र चालू, अशी स्थिती झाली. ह्या सर्व गोष्टींत किती रुपये बुडाले याचा हिशेब झाला. ह्या पुरुषांनी रोज सकाळी उठून, मुलांसमोर तोंड कसे दाखवले असेल, याचा हिशेब कोणी मांडला नाही.

तिसरे कारण असे की, पुरुषाचे दुःख दुःखाच्या रूपात येत नाही. ते रागाच्या रूपात येते, दारूच्या रूपात येते, छातीत दुखते म्हणून येते, किंवा अबोल्याच्या रूपात येते. आपण राग पाहून दूर होतो, दारू पाहून निंदा करतो, आणि आत काय आहे ते तसेच राहते.

याचा परिणाम किती गंभीर होतो, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांवरून दिसते. २०२२ साली आपल्या देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांत पुरुष १ लाख २२ हजारांहून अधिक होते, म्हणजे दर शंभरात जवळजवळ बहात्तर. एकूण मृतांपैकी चौथा हिस्सा रोजंदारीवर काम करणाऱ्यांचा होता. कारणांमध्ये कौटुंबिक अडचणी आणि आजारपण ही प्रमुख होती. ह्या प्रत्येक आकड्यामागे एक घर आहे, आणि अशा पुष्कळ घरांत नंतर हेच म्हटले गेले असेल की, "त्यांनी आम्हाला काही सांगितलेच नाही."

४. बसोर ओहळाजवळचे दोनशे

आता पुन्हा दाविदाच्या गोष्टीकडे येऊ. सहाशे पुरुष अमालेक्यांच्या पाठलागावर निघाले. बसोर ओहळापर्यंत आल्यावर त्यांतील दोनशे इतके थकले की त्यांना पाणी ओलांडून जाता येईना. त्यांचीही बायकामुले शत्रूच्या हाती होती. त्यांना जावेसे वाटत नव्हते असे नाही. पाय उचलत नव्हते. आपल्या बायकामुलांना सोडवायला दुसरे पुरुष जात आहेत आणि आपण येथे सामानाजवळ बसलो आहोत, ही गोष्ट त्यांच्या मनाला किती लागली असेल!

दाविदाने त्यांना मागे ठेवले, पण टाकून दिले नाही. पुढे वाटेत त्यांना एक मिसरी तरुण सापडला. तो आजारी पडला म्हणून त्याच्या अमालेकी धन्याने तीन दिवसांपूर्वी त्याला शेतात टाकून दिले होते. तीन दिवस व तीन रात्री त्याने अन्नपाणी घेतले नव्हते. दाविदाच्या लोकांनी त्याला भाकर, पाणी, अंजिरांच्या ढेपेचा तुकडा व मनुकांचे घड दिले. त्याच्या जिवात जीव आला. आणि त्यानेच पुढे वाट दाखवली. धन्याच्या लेखी जो निकामी झाला होता, त्याच्यामुळे सर्वांची बायकामुले परत मिळाली. माणसाची किंमत तो आज किती काम करू शकतो यावर ठरवणारा तो अमालेकी धनी, आणि थकलेल्याला आधी खाऊ घालणारा दावीद, ही दोन उदाहरणे एकाच अध्यायात समोरासमोर आहेत.

विजय मिळवून ते परत आले. तेव्हा दावीद स्वतः त्या दोनशे जणांजवळ गेला व त्याने त्यांचे क्षेमकुशल विचारले (वचन २१). "तुम्ही का आला नाहीत?" हा प्रश्न त्याने केला नाही. काही दुष्ट लोक म्हणू लागले की, हे आपल्याबरोबर आले नाहीत, तेव्हा ह्यांना लुटीतील वाटा देऊ नये. फक्त बायकामुले घेऊन ह्यांनी जावे. दाविदाने ते मानले नाही. लढाईला जाणाऱ्याला जितका वाटा, तितकाच सामानाजवळ राहणाऱ्याला, असे त्याने ठरवले. आणि पंचविसाव्या वचनावरून दिसते की, हा इस्राएलात कायमचा नियम झाला.

बसोर ओहळाजवळ बसलेले पुरुष आपल्या प्रत्येक मंडळीत आहेत. निवृत्त झालेला शिक्षक, पक्षाघाताने एक हात गेलेला सुतार, पत्नीच्या मृत्यूनंतर मुलाच्या घरी एका कोपऱ्यात राहणारा विधुर, पदवी घेऊन तीन वर्षे कामाच्या शोधात असलेला तरुण, हे सर्व सामानाजवळ बसलेले आहेत. ते उपासनेला येतात, मागच्या बाकावर बसतात आणि आशीर्वाद झाला की लगेच निघून जातात; कारण दारात कोणी तरी विचारील, "हल्ली काय चालले आहे?" हा प्रश्न आपण सहज विचारतो, पण त्यांना तो झोंबतो. दाविदासारखे क्षेमकुशल विचारणे वेगळे, आणि हिशेब विचारणे वेगळे.

५. खरे बळ कशात आहे?

कोणी म्हणेल, "पुरुषांनी असे रडत बसावे काय? मग घर कोण चालवील?" ह्या प्रश्नाचे उत्तर शास्त्रातील थोर पुरुषांच्या चरित्रांत आहे.

मोशेने इस्राएल लोकांना अरण्यातून नेले. पण गणना ११:१४ मध्ये तो देवाला स्पष्ट सांगतो की, हे सर्व लोक मला एकट्याला झेपत नाहीत. देवाने त्याला भित्रा म्हटले नाही. त्याने सत्तर वडील निवडायला सांगितले, यासाठी की त्यांनी मोशेबरोबर तो भार वाहावा.

प्रेषित पौल किती कणखर होता हे आपण जाणतो. तरीही २ करिंथ १:८ मध्ये तो लिहितो की, आशियात आमच्यावर शक्तीपलीकडचे दडपण आले व आम्ही जगण्याचीही आशा सोडली. येथे त्याने वापरलेला शब्द "बारोस" याच धातूपासून आलेला आहे. म्हणजे ज्याने एकमेकांची ओझी वाहण्याचे शिक्षण दिले, त्याने स्वतःचे ओझे एका सबंध मंडळीला पत्राने कळवले. आणि त्याच पत्राच्या सातव्या अध्यायात तो सांगतो की, बाहेर भांडणे आणि आत भीती अशी अवस्था असताना देवाने आमचे सांत्वन केले, ते तीताच्या येण्याने. सांत्वन आकाशातून आले नाही. एक मित्र वाट चालून आला, त्याच्या रूपाने आले.

आणि गेथशेमाने बागेत प्रभू येशूने काय केले? पेत्र, याकोब व योहान यांना त्याने बरोबर घेतले, आपला जीव अतिशय दुःखी झाला आहे हे त्यांना सांगितले, आणि जवळ राहून जागे राहण्यास विनवले. ते झोपी गेले, ही त्यांची उणीव. पण त्याने मागणे केले, ही गोष्ट आपण विसरू नये. वधस्तंभाकडे निर्भयपणे चालत गेलेल्या प्रभूने त्याआधी काही तास मित्रांची सोबत मागितली. मग सोबत मागण्यात कमीपणा आहे असे आपल्यातील कोणी कसे म्हणावे?

याबरोबरच एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ओझे आहे म्हणून दारू पिणे, पत्नीवर हात टाकणे, मुलांना धाकात ठेवणे यांना मोकळीक मिळत नाही. सिकलागच्या लोकांचे दुःख खरे होते; तरी त्यांनी दगड मारले असते तर ते पापच ठरले असते. आपले ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर फेकणे म्हणजे ओझे वाटून घेणे नव्हे. जो आपले दुःख शब्दांत सांगतो, त्याला ते हातांनी सांगण्याची गरज पडत नाही.

आणि न बोलता वाहिलेल्या भाराबद्दल आपण उपकारही मानले पाहिजेत. नाताळात मुलांना नवे कपडे शिवणारा आणि स्वतः मागच्या वर्षीचाच सदरा इस्त्री करून घालणारा बाप. गोव्याहून जहाजावर गेलेला आणि मुलाच्या जन्माची बातमी समुद्रावर ऐकणारा खलाशी. आखातात एका खोलीत सहा जणांबरोबर राहून बहिणीच्या लग्नाचे पैसे पाठवणारा भाऊ. रात्रपाळी संपवून झोपेच्या डोळ्यांनी आईला दवाखान्यात नेणारा मुलगा, ह्यांनी कधी साक्ष दिली नाही, की मंडळीच्या वार्षिक अहवालात त्यांचे नाव आले नाही. त्यांच्या बळावर आपली घरे उभी आहेत.

६. आपण काय करू शकतो?

(अ) घरात. हमाल डोक्यावर ओझे घेताना कापडाची चुंबळ ठेवतो. चुंबळीने वजन एक तोळाही कमी होत नाही. पण ओझे टोचत नाही. घरातील दोन चांगले शब्द असेच असतात. "अहो, आज तुम्ही फार दमलेले दिसता, आधी बसा, हिशेबाचे उद्या पाहू," असे पत्नीने म्हणावे. "बाबा, तुम्ही आमच्यासाठी पुष्कळ केले," हे मुलांनी त्यांच्या हयातीत म्हणावे. प्रेतयात्रेच्या वेळी म्हटलेले त्यांना ऐकू जात नाही. समोरासमोर बसून "मन मोकळे करा" म्हटले तर पुष्कळ पुरुष आणखीच मिटून जातात. बरोबर चालताना, सायकल दुरुस्त करताना, भाजी आणायला जाताना ते सहज बोलतात. तेव्हा ऐकावे; लगेच उपदेश करू नये. आणि लहान मुलगा रडला तर त्याला गप्प करण्याऐवजी काय दुखते ते विचारावे.

(आ) मंडळीत. पाळकांच्या व वडीलजनांच्या भेटी बहुधा सकाळी होतात, तेव्हा घरातील पुरुष कामावर असतो. महिन्यातून काही भेटी संध्याकाळी ठेवाव्यात. पुरुषांच्या सभेत जमाखर्च, इमारत आणि निवडणूक यांखेरीज अर्धा तास एकमेकांसाठी प्रार्थना व्हावी. आणि तेथे सांगितलेले तेथेच राहावे. ज्याचे काम गेले आहे, त्याच्याकडे मंडळीचे एखादे खरे काम सोपवावे. दयेने नव्हे, तर त्याचे कसब पाहून. दोनशे जणांना समान वाटा मिळाला, त्याचा अर्थ हाच. आणि पाळकांचीही कोणी विचारपूस करावी. सर्वांची ओझी ऐकणारा तो माणूस आपले ओझे कोठे उतरवतो?

(इ) धोक्याच्या वेळी. एखादा पुरुष रात्ररात्र झोपत नसेल, खाणे सोडले असेल, "माझ्यावाचून तुमचे बरे चालेल" असे बोलत असेल, किंवा एकाएकी आपल्या वस्तू वाटून टाकीत असेल, तर ते सहज बोलणे समजू नये. त्याला एकटे सोडू नये, आत्महत्येचा विचार मनात येतो काय हे सरळ विचारावे आणि डॉक्टरांकडे न्यावे. सरळ विचारल्याने तो विचार त्याच्या मनात भरत नाही. उलट कोणी तरी विचारले याने त्याला सुटल्यासारखे होते. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ ह्या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य व आपल्या भाषेत बोलता येते. मनाचा आजार हा तापासारखाच आजार आहे. औषध घेणे म्हणजे विश्वास कमी पडणे नव्हे. लूक स्वतः वैद्य होता आणि पौलाबरोबर प्रवास करीत होता.

बंधुभगिनींनो, प्रत्येकाने आपापला भार वाहायचा आहे, हे पाचवे वचन आपल्या पुरुषांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळले आहे. आता दुसरे वचन पाळण्याची पाळी आपली सर्वांची आहे. आणि पुरुष वाचकांना एवढीच विनंती की, कोणी हात लावायला आला, तर त्याला नको म्हणू नका.

चर्चेसाठी प्रश्न

१. सिकलाग येथील पुरुषांचे दुःख रागात बदलले. आपल्या घरात असे केव्हा घडते? त्या वेळी आपण रागाला उत्तर देतो की दुःखाला?

२. तुम्ही आज वाहत असलेल्या ओझ्यांपैकी "फोर्तियोन" कोणते आणि "बारोस" कोणते? दुसऱ्या प्रकारचे ओझे तुम्ही कोणाला सांगितले आहे?

३. आपल्या मंडळीत "सामानाजवळ बसलेले" पुरुष कोण आहेत? पुढच्या आठवड्यात त्यांच्यापैकी एकाची भेट कोण घेईल?

४. आपल्या वडिलांनी न बोलता वाहिलेल्या एका भाराची आठवण करा. ते हयात असतील, तर ह्याच आठवड्यात त्यांना ती बोलून दाखवा.